सत्तावीस, चोवीस, सव्वीस

रोज सकाळी मी महाराष्ट्रातून गुजरातेत जाते आणि तासाभरात पुन्हा महाराष्ट्रात येते. डहाणू रोडला गाडी पकडायची, घोलवड मागे पडलं की पुढे उंबरगाव रोड. ते गुजरातेत. तिथे उतरून शेअर रिक्षाने तलासरी, म्हणजे परत पालघर जिल्हा. चारोटी नाक्यावरून महामार्गानेही जाता येतं, पण त्या रस्त्यावर एखादा ट्रेलर आडवा झाला की अर्धा दिवस गेलाच. गाडीत घोलवडच्या आसपास मोबाइल गुजरातचा टॉवर पकडतो. रोमिंगचे पैसे लागायचे त्या काळात तिथे आलं की डब्यातले निम्मे लोक खिशातला फोन काढून बंद करायचे. एरवी ही सीमा कोणाला जाणवत नाही. इकडे मराठीत गुजराती मिसळलेली, तिकडे गुजरातीत मराठी. चिकू दोन्हीकडे तोच.

ही सीमा नक्की काय असते, हे मला कळलं ते कॉम्प्युटरमुळे, तेही फजिती झाल्यावर.

मी बोर्डीच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, मुंबईत एमसीए केलं आणि अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षं काढली. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता पोरगी घरून ये-जा करेल. केलीही. पण चर्चगेट ते डहाणू रोड हे अंतर १२४ किलोमीटर आहे. अंधेरीपर्यंतचं त्यातलं माझ्या वाट्याला आलेलं रोज दोनदा कापून दोन वर्षांत माझी पाठ बोलायला लागली. २०१५ मध्ये तलासरीजवळच्या एका कारखान्यात ‘सिस्टिम्स’ सांभाळायला माणूस हवा असल्याचं कळलं आणि मी उलट्या दिशेची गाडी धरली. अंधेरीतल्या मित्रांनी कीव केली. सॉफ्टवेअर सोडून कारखान्यात प्रिंटर दुरुस्त करायला चालली, असं त्यांना वाटलं. पहिले सहा महिने ते फारसं चुकीचंही नव्हतं.

कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या बनतात. रंग, ऑइल, केमिकल ज्यात भरून येतं त्या वीस लिटरच्या, झाकण आणि हँडलसकट. एक युनिट तलासरीला, दुसरं सेलवासला, ऑफिस अंधेरीला. गिऱ्हाईक वापी, अंकलेश्वर, दमण, बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत आणि मुंबईत. मी आले तेव्हा बिलं फॉक्सप्रोमधल्या एका जुन्या प्रोग्रॅममधून निघायची आणि हिशेब टॅलीत चढायचा. दोन्हींच्या मध्ये एक क्लार्क बसलेला असे. तो एकीकडचे आकडे वाचून दुसरीकडे टाइप करी.

करांचं त्या वेळचं गणित इथल्या लोकांना तोंडपाठ होतं. माल राज्यात राहिला तर व्हॅट, राज्याबाहेर गेला तर सीएसटी. सी फॉर्म मिळाला तर सीएसटी दोन टक्के, नाही मिळाला तर वर्षभर त्या फॉर्मसाठी फोन. आपल्याच दुसऱ्या युनिटला माल पाठवला तर एफ फॉर्म. भिलाडच्या चेकपोस्टवर कागद दाखवायचे. सगळं कटकटीचं, पण नियम एका वाक्याचा होता. गाडी कुठे चालली आहे ते बघा, कर त्यावरून ठरेल.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी येणार हे नक्की झालं तेव्हा जुना फॉक्सप्रो टाकून नवं ईआरपी घ्यायचं ठरलं. एका सॉफ्टवेअर कंपनीला काम दिलं. त्यांच्या आणि आमच्यामध्ये मी. मे महिन्यात अंधेरीच्या ऑफिसात मोठी मीटिंग झाली. चौऱ्याहत्तर पानांचा दस्तऐवज प्रत्येकासमोर होता. सिस्टिमने काय काय करायचं ते त्यात लिहिलेलं. एकेक मुद्दा वाचला जात होता. त्यात एक ओळ होती, ‘कर ग्राहकाच्या राज्यानुसार ठरेल.’ सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी, हे त्यावरून निघणार होतं. विक्रेत्याचं आणि ग्राहकाचं राज्य एकच असेल तर कर दोन भागांत, वेगळं असेल तर एकच आयजीएसटी. मी विचारलं, “ग्राहकाचं राज्य कुठून घ्यायचं?”

“मास्टरमधून,” प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला.

अकाउंट्सच्या साहेबांनी मान हलवली. मार्केटिंगच्या साहेबांनी मान हलवली. मीही हलवली आणि पुढची ओळ वाचली. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. त्यात माझीही सही आहे, ती फाइल अजून माझ्या कपाटात आहे.

३० जूनच्या रात्री मी कारखान्यात होते. संसदेच्या सेंट्रल हॉलमधला कार्यक्रम सिक्युरिटीच्या केबिनमधल्या टीव्हीवर चालू होता आणि आम्ही जुन्या सिस्टिममधला शिल्लक माल नव्यात चढवत होतो. पहाटे तीनला आकडे जुळले. सकाळी पहिलं बिल निघालं, त्यावर नवा कर नीट आला. मालकांनी पेढे वाटले. आमचं ईआरपी वेळेत सुरू झालं याचं कौतुक अंधेरीपर्यंत गेलं. जुलै महिना मी हवेत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वापीच्या एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचा फोन आला. त्याचा सूर अगदी थंड होता. “बेन, आ बिल नहि चाले.”

बिल माझ्यासमोर काढलं. २ लाख ४० हजारांचा माल, १८ टक्क्यांनी कर ४३,२०० रुपये. सीजीएसटी २१,६०० आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी २१,६००. बेरीज बरोबर. मला चूक दिसेना. त्याने समजावलं. त्याची कंपनी गुजरातेत नोंदलेली आहे. महाराष्ट्राच्या एसजीएसटीचं क्रेडिट त्याला मिळत नाही. त्याला आयजीएसटी लावलेलं बिल हवं. ते येईपर्यंत तो पैसे देणार नाही.

“पण माल तर बोईसरला उतरला,” मी म्हणाले. “महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच.”

“माल भले बोईसर गया,” तो म्हणाला, “लिया तो हमने.”

फोन ठेवला आणि कायदा उघडला. त्याचंच बरोबर होतं. एकाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याकडे उतरवला, तर ज्याने सांगितलं त्याच्या मुख्य कचेरीचं ठिकाण हेच मालाचं ठिकाण धरायचं, असं नव्या कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. वापीच्या माणसाने घेतलेला आमचा माल तलासरीहून बोईसरला गेला, गाडीने राज्याची हद्द ओलांडलीच नाही, तरी तो कागदावर आंतरराज्य व्यवहार. उलट मुंबईच्या माणसाने घेतलेला माल वापीला उतरला, तर गाडी गुजरातेत जाऊनही व्यवहार महाराष्ट्रातला. गाडीचं जुनं गणित मोडलं होतं आणि आम्ही नव्या सिस्टिममध्ये तेच गणित घातलं होतं.

कोणी घातलं? मी सगळ्यांना वेगवेगळं गाठून विचारलं, “ग्राहकाचं राज्य म्हणजे तुम्ही काय समजलात?” अकाउंट्सच्या साहेबांच्या डोक्यात वीस वर्षांचा सीएसटी होता. त्यांच्या मते जिथे माल उतरतो ते राज्य. मार्केटिंगच्या साहेबांच्या मते जिथे ऑर्डर देणारा खरेदी मॅनेजर बसतो ते. सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाने तर सरळ सांगितलं की जूनमध्ये तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर आलेच नव्हते, म्हणून मी डिलिव्हरीच्या पत्त्यावरचा पिनकोड घेतला आणि त्याचे पहिले तीन आकडे बघून राज्य ठरवलं. म्हणजे त्या मीटिंगमध्ये चार माणसांनी एकाच ओळीवर मान हलवली आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं राज्य होतं. माझ्या मनात कोणतं होतं, हे मला आठवतही नाही. बहुधा कोणतंच नव्हतं.

पिनकोडचं ऐकून पोटात गोळा आला. ३९६ ने सुरू होणारा पिन वलसाडचा, वापीचा. पण तो दमणचाही आहे आणि सेलवासचाही. टपाल खात्याला त्याने काही फरक पडत नाही. जीएसटीत मात्र महाराष्ट्राचा कोड २७, गुजरातचा २४, दादरा-नगर हवेलीचा २६, आणि दमणचा तेव्हा २५ होता. आमच्या प्रोग्रॅमने ३९६ दिसला की २४ लावला होता. आमच्या सेलवासच्या युनिटच्या भिंतीपलीकडे एक गाळा आहे. तिथला माणूस हातगाडीवर बादल्या घालून नेतो. आम्ही त्याला महिनाभर परराज्यातला समजून आयजीएसटी लावत होतो.

आता प्रश्न असा की चुकलेली बिलं शोधायची कशी. बिल करणाऱ्या क्लार्कने काय केलं होतं, तर माल दुसरीकडे उतरवायचा असला की पार्टीच्या पत्त्याच्या जागी उतरवण्याचा पत्ता टाइप केला होता. सिस्टिममध्ये दुसरा पत्ता टाकायची जागा होती, पण ती तिसऱ्या टॅबवर होती आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यामुळे कोणता माल भलतीकडे उतरला याची नोंद आमच्या नव्याकोऱ्या ईआरपीत कुठेही नव्हती.

ती एकाच ठिकाणी होती.

डिस्पॅचला एक काका होते. साठीच्या उंबरठ्यावर, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चपला. कारखाना उभा राहिला तेव्हापासून तिथेच. नवी सिस्टिम आली तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, काका, आता वही ठेवायची गरज नाही, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. ते “बरं बेटा” म्हणाले होते. आता मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले तर वही टेबलावरच होती. लांबट, पुठ्ठ्याची, कडेला गेटवरच्या धुळीने राखाडी झालेली. स्केलने आखलेले रकाने. तारीख, गाडी नंबर, बिल्टी नंबर, बिल नंबर, आणि मग दोन रकाने शेजारी शेजारी, ‘बिल कोणाचं’ आणि ‘माल कुठे उतरला’.

“काका, मी सांगितलं होतं ना वही बंद करा म्हणून?”

“सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पण भाडं कशावर द्यायचं? बिल वापीचं आणि गाडी बोईसरला गेली तर ड्रायव्हर भाडं बोईसरचंच मागणार. कॉम्प्युटर त्याला वापीचं दाखवतो.”

मी खाली बसले. त्या दोन रकान्यांत जिथे नावं जुळत नव्हती तिथे त्यांनी लाल पेनाने बारीक फुली मारलेली होती. जुलैच्या १ तारखेपासून अशा त्रेसष्ट फुल्या होत्या. आम्ही दोघांनी संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून त्रेसष्ट बिलं काढली. ते नंबर वाचत, मी टाइप करी. मध्येच त्यांनी डबा उघडला आणि माझ्यासमोर चिकूच्या फोडी सरकवल्या. माझी शेवटची गाडी गेली. कारखान्याच्या टेम्पोने घरी आले.

नशीब एवढंच की जुलैचा परतावा अजून भरला नव्हता. मुदत २० ऑगस्टची होती, नंतर ती वाढली. क्रेडिट नोटा काढून बिलं नव्याने करता आली. भरणा होऊन गेला असता तर बरोबर खात्यात पुन्हा कर भरायचा आणि चुकीच्या खात्यातला परत मागत बसायचं, एवढं सव्यापसव्य झालं असतं. सेलवासची बिलं वेगळी तपासली. दुरुस्ती म्हणाल तर प्रोग्रॅममध्ये एका ओळीची होती. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. ज्याच्या नावाने बिल, त्याच्या नंबरचे पहिले दोन आकडे घ्या. एवढंच. ही ओळ मे महिन्यात लिहिता आली असती.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या मुलाला तलासरीला बोलावलं. तो म्हणाला, ऑनलाइन बोलू. मी म्हटलं, ये. आला. दोन दिवस मी त्याला लॅपटॉप उघडू दिला नाही. काकांच्या शेजारी लाकडी स्टुलावर बसवलं. बादल्या एकात एक घालून कशा रचतात, झाकणांची पोती वेगळी का जातात, छोटा हत्ती आला तर किती माल बसतो, बिलात लिहिलेला गाडी नंबर आणि प्रत्यक्ष आलेली गाडी यांचा मेळ का नसतो, हे तो बघत होता. दुपारी त्याने काकांना विचारलं, “माल वापीच्या पार्टीचा, मग गाडी बोईसरला का?”

“पार्टी म्हणाली म्हणून,” काका म्हणाले.

त्या मुलाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढे तो आमचं काम फार चांगलं करू लागला.

दुसरी, मी स्वतः एक वही केली. त्यात कॉम्प्युटरची भाषा वापरायची नाही असा नियम. काका बोलतील तसं एकेक वाक्य, आणि समोर उत्तर. ‘पार्टी वापीची, माल बोईसरला.’ ‘पार्टी मुंबईची, माल सेलवासला.’ ‘सेलवासचा माल, शेजारच्या गाळ्याला.’ ‘माल परत आला, अर्धाच.’ ‘गाडी रस्त्यात बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला.’ ‘बादल्या एका बिलात, झाकणं दुसऱ्या.’ पहिल्या खेपेला एकेचाळीस वाक्यं झाली. सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही बदल झाला, अगदी बिलावरचा लोगो बदलला तरी, ही सगळी वाक्यं टेस्ट सर्व्हरवर चालवून बघायची आणि मगच तो बदल कामावर आणायचा. सॉफ्टवेअर कंपनीला हे जाचक वाटलं. प्रत्येक बदलाला दोन दिवस जास्त लागू लागले. मालकांनी विचारलं, दोन दिवस कशाला? मी त्यांना त्रेसष्ट बिलांची यादी दाखवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सगळंच वहीमुळे वाचलं असं नाही. सरकारने आधी जीएसटीआर-१, २ आणि ३ असे तीन परतावे योजले होते. दोन नंबरच्या परताव्यात खरेदीचं प्रत्येक बिल विक्रेत्याने भरलेल्या बिलाशी जुळवायचं होतं. आम्ही त्या जुळवणीचा वेगळा भाग करून घेतला. दोन महिने गेले, पैसे गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटी परिषदेने दोन आणि तीन नंबरचे परतावे स्थगित केले. एक नंबरचा आणि तात्पुरता म्हणून आलेला ३बी हे परतावे तेवढे राहिले. आमचा तो भाग आजही सिस्टिममध्ये आहे, मेनूत दिसू नये म्हणून लपवून ठेवलेला. तेव्हापासून उद्याच्या नियमासाठी आज काही बांधायचं नाही, कायदा लागू होईपर्यंत कागदावर तयारी ठेवायची, हे मी शिकले.

१ फेब्रुवारी २०१८ ला ई-वे बिल सुरू झालं आणि त्याच दिवशी पोर्टल बसलं. आमच्या गेटवर सकाळपासून चार गाड्या उभ्या. ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटत बसलेले. संध्याकाळी योजना पुढे ढकलल्याची बातमी आली आणि गाड्या सुटल्या. १ एप्रिलला ती आंतरराज्य मालासाठी पुन्हा आली. त्यानंतर मला आणखी एक शब्द सापडला, ‘निघाली’. अकाउंट्सच्या लेखी बिल छापलं की गाडी निघाली. काकांच्या लेखी गेटबाहेर पडली की निघाली. ई-वे बिलाची मुदत गाडीचा नंबर पहिल्यांदा भरला की मोजायला लागते, तेव्हा शंभर किलोमीटरला एक दिवस होता. अकाउंट्स बिलासोबतच नंबर भरून टाकायचं. मग लोडिंग लांबलं की मुदत आत उभ्या असलेल्या गाडीवरच संपायची. शिवाय लिहिलेली गाडी एमएच-४८ आणि आलेली डीएन-०९, असंही व्हायचं. आम्ही नंबर भरायचं काम गेटवर नेलं. वॉचमनच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर ठेवला, पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच रकाना. वॉचमन गाडीची पाटी बघून नंबर टाकतो, मग गेट उघडतो. आमच्याकडचं सगळ्यात बिनचूक डेटा एंट्रीचं टेबल ते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीकडे लोक रात्री घराबाहेर झोपू लागले. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ तीव्रतेचा. आम्ही सगळे गेटबाहेर मोकळ्यात उभे होतो आणि मला एकाएकी आठवलं की बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरच्याच कपाटात आहे, वरच्या फळीवर. दर महिन्याच्या अहवालात मी ‘बॅकअप घेतला’ असं लिहीत होते. मालक ते वाचून समजत होते की आग लागली, छप्पर पडलं तरी हिशेब सुरक्षित आहे. मी लिहीत होते ते एवढंच की कॉपी काढली. पुन्हा तोच घोळ, या वेळी एकटीचा. पुढच्या आठवड्यात सर्व्हरचा रॅक जमिनीत बोल्ट मारून घट्ट केला आणि दर शुक्रवारी एक डिस्क सेलवासला जाऊ लागली. आणि दर तीन महिन्यांनी ती डिस्क दुसऱ्या मशिनवर उघडून त्यातलं एक जुनं बिल छापून बघायचं. बिल छापलं तर बॅकअप आहे म्हणायचं.

माझी सगळ्यात मोठी चूक त्यानंतरची. नवा डेटाबेस लावताना मी गिऱ्हाइकाची ओळख म्हणून जीएसटी नंबरच ठरवला. नंबर एकमेव असतो, बदलत नाही, असं मी ठासून सांगितलं. २६ जानेवारी २०२० ला दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे केंद्रशासित प्रदेश एकत्र झाले. २५ हा कोड गेला, दमणच्या सगळ्या गिऱ्हाइकांना २६ ने सुरू होणारे नवे नंबर घ्यायचे होते. बदलाची मुदत मेअखेर होती, टाळेबंदीमुळे ती जुलैअखेरपर्यंत गेली. त्यात मार्चपासून सगळं बंद. झाईपासून तलासरीपर्यंत सीमेवर बॅरिकेड लागले, माझं रोजचं सत्तावीस-चोवीस-सत्तावीस थांबलं. डहाणूच्या मसोलीतल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जिथे नेटवर्कच्या दोन कांड्या मिळत तिथे बसून मी दमणच्या एकेका पार्टीची जुनी उधारी नव्या नंबराखाली जोडत होते. सिस्टिमच्या मते जुनी पार्टी मेली होती आणि तिच्या जागी कोणी अनोळखी आली होती. जुन्या नावावरचे पैसे नवीन पार्टी कशाला देईल?

एका संध्याकाळी काकांना फोन केला. वहीत दमणच्या पार्ट्या कशा लिहिता, विचारलं. ते म्हणाले, “नावाने लिहितो. नंबर काय, सरकारने दिलेला असतो. सरकार बदलतं.” सगळ्या गिऱ्हाइकांना आम्ही आमचा स्वतःचा क्रमांक दिला. जीएसटी नंबर आता त्यांच्या माहितीतला फक्त एक रकाना आहे, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असलेला.

१ जानेवारी २०२१ पासून शंभर कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस आलं. बिल आधी सरकारी पोर्टलवर पाठवायचं, तिथून चौसष्ट अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड आला की मग छापायचं. चुकलं तर रद्द करायला चोवीस तास. आमची उलाढाल त्या मर्यादेच्या वर होती. ३१ डिसेंबरच्या रात्री मी घरी होते आणि वेळेवर झोपले. वहीतली सगळी वाक्यं त्याआधी दोनदा चालवून झाली होती. सकाळी साडेनऊला पहिलं बिल गेलं आणि क्रमांक घेऊन परत आलं. दुपारी एक बिल पोर्टलने नाकारलं. पिनकोड आणि राज्य जुळत नव्हतं. पत्ता टाइप करताना एक आकडा चुकला होता. मला हसू आलं. पिनकोड आता तपासणीला होता, निर्णयाला नव्हता.

पेढे वाटले गेले नाहीत. कोणाच्या लक्षातच आलं नाही की काही नवीन सुरू झालं.

अंधेरीतले जुने मित्र आता मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. भेटले की क्लाउड आणि एआयबद्दल बोलतात. मीही वापरते. पण दहा वर्षांत आमच्याकडे जे मोठं नुकसान होता होता राहिलं किंवा झालं, त्यातलं एकही मशिनमुळे झालं नाही. प्रत्येक वेळी एखादा साधा शब्द होता. राज्य, निघाली, बॅकअप, गिऱ्हाईक. सगळ्यांना कळतो असं वाटणारा, म्हणून कोणी विचारला नाही. मीटिंगमध्ये सगळे एकदम ‘हो’ म्हणाले की मी आता पुढच्या ओळीवर जात नाही. एकेकाला सांगते, याचं एक उदाहरण द्या, गाडी नंबरासकट. लोक वैतागतात. मीटिंग लांबते. मग कोणीतरी म्हणतं, “थांबा, तुम्ही कोणत्या पत्त्याबद्दल बोलताय?” तिथे खरं काम सुरू होतं.

काका २०२२ मध्ये निवृत्त झाले. जाताना त्यांनी वही मला दिली नाही, त्यांच्या जागी आलेल्या मुलाला दिली. त्यांचंच बरोबर होतं. माझ्या वहीतली वाक्यं आता एकशे साठच्या पुढे गेली आहेत. नवीन प्रोग्रॅमर कामाला लागला की पहिले दोन दिवस त्याला लॉगिन मिळत नाही. तो डिस्पॅचला लाकडी स्टुलावर बसतो. स्टूल तेच आहे.